गायरानातला खड्डा आणि तुझी सही

उत्तम,

तुझ्या शोकसभेत मी खोटं काही बोललो नाही, पण जे बोलायला हवं होतं तेही बोललो नाही. कचेरीच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. तुझा धड फोटो कोणाकडेच नव्हता, म्हणून ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. त्यात तू इतका रागावलेला दिसत होतास की शिपायानं हार घालताना दोनदा तुझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हणालो, उत्तमरावांसारखा जाणकार माणूस खात्याला पुन्हा मिळायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मग चहा झाला आणि जो तो आपापल्या टेबलाकडे गेला. गायरानातल्या खड्ड्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

त्याला आता सव्वा महिना झाला. काल त्या गायरानाची मोजणी झाली. तिथे काय झालं ते सांगायला दुसरं कोणी नाही. घरी सांगून पाहिलं, तर बायको म्हणाली, झालं ते झालं, आता जेवून घ्या. म्हणून कागद घेऊन बसलो आहे. एकदम कालच्या गोष्टीवर आलो तर तू म्हणशील, "मुळापासून सांग बे, गाडी मधातूनच काऊन हाकतो?" तेव्हा मुळापासूनच सांगतो. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक.

तू कचेरीत आलास तेव्हा आम्ही सगळे शेतकी खात्याचे विस्तारवाले होतो. सायकलला पिशवी अडकवायची, गावोगाव जायचं, चावडीच्या भिंतीवर किडीची चित्रं चिकटवायची आणि एकरी किती पावडर धुरळायची ते सांगायचं. डीडीटी, बीएचसी, एंड्रिन ही नावं आम्हाला देवळातल्या आरतीसारखी पाठ होती. पण रसायनशास्त्र शिकून आलेला तू पहिलाच. पहिल्या दिवशी गोदाम दाखवायला नेलं, तर आत पाऊल टाकून तू नाक धरून बाहेर आलास. आम्ही तिथे पोत्यांवर बसून दुपारचा डबा खायचो. उन्हाळ्यात तेवढीच जागा थंड असे. तू विचारलंस, "इथं जेवता तुमी?" आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "माश्या येत नाहीत."

या वाक्यावरून तू मला पुढे किती वर्षं चिडवलंस! डोणगावच्या बाजारात कुणाच्या भज्यांवर माश्या दिसल्या की तू माझ्याकडे बघून म्हणायचास, "दादाराव, चल, गोदामात जाऊन खाऊ."

तुला राहायला खोली मिळायला चार महिने लागले. तोवर तू हिवरा आश्रम गावाकडच्या एका नातेवाइकाकडून सायकलनं ये-जा करत होतास, आणि घामानं भिजलेला सदरा कचेरीच्या खिडकीत वाळत घालून बनियनवर अहवाल लिहीत बसायचास. खोली का मिळत नव्हती, हे गावाला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. माझ्या घराची पुढची खोली त्या वेळी रिकामी होती. मी तुला बोलावलं नाही. आईची भीती वाटली, आणि त्याहून जास्त शेजाऱ्यांची. तू कधी ते काढलं नाहीस, उलट पुढे माझ्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला खामगावला दोन दिवस पायरीवर बसून राहिलास. हे तू होतास तेव्हा सांगायला हवं होतं. निदान आता लिहून टाकतो.

मग दिल्लीचे साहेब आले. देशभरच्या गोदामांत जुनं, मुदत संपलेलं विष किती पडून आहे, कसं पडून आहे आणि लोक त्याचं काय करतात, हे पाहायला सरकारनं काही तज्ज्ञ पाठवले होते. आपल्या जिल्ह्यात आले ते एक उंच, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्या मदतीला इथला एक जाणता माणूस द्यायचा होता, आणि हुकमावर तुझं नाव आलं. दुसऱ्या दिवशी तू चप्पल सोडून बूट घालून आलास. ते चावत होते आणि तू दिवसभर लंगडत होतास.

मी आपला जीपमध्ये मागे बसून होतो, रस्ता दाखवायला. नाल्यापलीकडच्या त्या गावात पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं आणि साहेबांची पाण्याची बाटली संपली होती. तुमच्या लोकांच्या वस्तीत गिरजामावशीच्या ओट्यावर आपण टेकलो. ती तुझ्या लांबच्या नात्यातली, मजुरी करणारी, जिथे जाईल तिथे आवाजानं ओळखू येणारी बाई. दिल्लीचा साहेब आपल्या दारात पाणी मागतो म्हटल्यावर ती पदर खोचून आत पळाली आणि पत्र्याच्या लखलखीत डब्यातून पाणी घेऊन आली. साहेबांनी हात पुढे केला. आणि तू तो डबा असा काही झटका मारून उडवलास की पाणी साहेबांच्या विजारीवर, मावशीच्या लुगड्यावर आणि माझ्या वहीवर.

मावशीचं तोंड उतरलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काऊन रे उत्तम? आमच्या हातचं पानी साहेबाले चालत नाई का? का तुलेच लाज वाटून राह्यली आता?"

तो एंड्रिनचा डबा होता. आपल्याच गोदामातून गेलेला, वर कडी असलेला, न गळणारा, छान डबा. आपण फवारणी करून डबे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर टाकायचो आणि बाया ते उचलून न्यायच्या. कुणी त्यात गूळ ठेवी, कुणी गोडेतेल, कुणी बाळंतिणीचं तूप. तू मावशीच्या पायाशी बसलास आणि समजावू लागलास. ती ऐकेना. "राखेनं तीनदा घासला न रे बाबा! वास घेऊन पाय, काई येते का!" साहेबांनी विचारलं, काय म्हणते? तू म्हणालास, म्हणते की तीनदा धुतला आहे. साहेबांनी ते लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर साहेबांनी नीट बजावलं. सगळे डबे, दगड झालेली पावडर, फुटकी पिंपं, सगळं गोळा करून यादी करा आणि कुलपात ठेवा. उघड्यावर जाळू नका, पुरू नका, पाण्यात सोडू नका. सरकार गाडी पाठवील आणि मोठ्या भट्टीत भयंकर आचेवर त्याचा पुरता नायनाट करील. तू शब्दन् शब्द उतरवून घेतलास.

आणि तू कामाला लागलास. लोक डबा असाच देईनात, तेव्हा तू डब्याला डबा द्यायला लागलास. खामगावच्या तेलगिरण्यांतून गोडेतेलाचे रिकामे डबे मागून आणायचे, एसटीच्या टपावर बांधायचे आणि गावोगाव बदलून घ्यायचे. वळणावर ते असे वाजायचे की वरात चालली आहे असं वाटून लोक बाहेर यायचे. कंडक्टर तुझ्याशी भांडून थकले. बाया डबा उलटासुलटा करून पाहायच्या, तुझ्या डब्याला कडी नाही म्हणून कुरकुरायच्या. तू ओट्यावर बसून सांगायचास, "हे जहर पान्यात इरघळत नाई मावशे, तेलातुपात इरघळते. म्हून ते आंगात बसते, म्हशीच्या आंगात बसते, दुधात उतरते." मी मागे उभा राहून घड्याळ पाहायचो. खरं सांगू? मला कंटाळा यायचा.

गोदामाची एक बाजू त्या डब्यांनी भरली. दोन पावसाळे गेले, गाडी काही आली नाही. आपली पत्रं वर जात आणि वरून "कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर येई. तू प्रत्येक उत्तर फाइलला लावून ठेवायचास.

मग हायब्रीड ज्वारीचं बियाणं आलं. जागा हवी होती. वरच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, आठ दिवसांत ते विषाचं लचांड हलवा, कसं ते तुमचं तुम्ही बघा. तू नेमका तेव्हा नागपूरला प्रशिक्षणाला गेलेला होतास. मी तुला तार करू शकलो असतो. केली नाही, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. मी चार बैलबंड्या जुंपल्या, मजूर लावले, नाल्यापलीकडच्या गायरानात पुरुषभर खोल खड्डा खणवला आणि दोन दिवसांत सगळं पुरून मोकळा झालो. जागा मीच निवडली होती. ई-क्लासची, म्हणजे सरकारी पड जमीन, कोणाचं शेत नाही, विहीर नाही, नुसतं गवत. मला तेव्हा फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

तू परत आलास, रिकामं गोदाम पाहिलंस आणि मला तसाच सायकलवर मागे बसवून तिथे घेऊन गेलास. मी म्हणालो, "कोनाचीच नाई न ही जमीन!" तू म्हणालास, "कोनाचीच नाई म्हंजे सगळ्याईची असते बे." मग तू वाकून जमिनीतल्या भेगेत हात घातलास. चैत्राचे दिवस होते. तुझा हात कोपरापर्यंत आत गेला. "काळी माती हाये ही. उन्हाळ्यात अशी फाटते, पावसाळ्यात पेते. तुह्यं जहर इथं बसून राहीन का?" मी विचारलं, मग किती दिवसांत ते मरतं? तू हात झटकलास. "हे मरत नाई, दादाराव. आपुन मरू. हे नाई मरत."

तेव्हा मी त्या बोलण्यावर हसलो होतो.

आता सहीचं. अहवाल पाठवायचा होता आणि त्यावर दोन सह्या लागत होत्या, एक माझी आणि एक तज्ज्ञ साहाय्यकाची. मी लिहिलं होतं की सदर साठा तज्ज्ञांच्या सूचनेनुसार योग्य रीतीने नष्ट करण्यात आला. तुझी सही नसती तर माझी चौकशी लागली असती, नोकरीही गेली असती. मी तुझ्यापुढे कागद ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभा राहिलो. तू तो तीनदा वाचलास. विचारलंस, "पोरी कितवीत हाये तुह्या?" मी सांगितलं. तू सही केलीस, टोपण लावून पेन खिशात ठेवलास आणि त्यानंतर महिनाभर माझ्याशी कामापुरतंही बोलला नाहीस. तू जन्मात एवढा एकच खोटा कागद केला असशील आणि तो माझ्यासाठी केलास. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. मानले असते तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

महिन्यानंतर एका रविवारी तू दारात येऊन उभा राहिलास. हातात लाल रंगाचा डबा. "चाल, निशानी तं करून ठेवू. उद्या कोनी खांदीन तिथं." आपण नाल्यातून एक दगड ओढत नेला, खड्ड्याच्या डोक्यावर रोवला आणि तू तो धोक्याच्या रंगात रंगवलास. वर पांढऱ्या रंगात कवटी काढलीस. उत्तम, तुला सगळं येत होतं, चित्रकला येत नव्हती. दोन मोठे डोळे आणि खाली दातांची ओळ, बस.

आखाडात आपण पुन्हा तिकडून गेलो तर दगडाभोवती सारवण. पुढे नारळाची करवंटी, लिंबं, गुलाल. डोळे कुणीतरी चुन्यानं आणखी ठसठशीत केलेले. एका धनगराची आजारी बकरी तिथे बसली आणि बरी झाली, म्हणून त्याचं नाव लालबुवा पडलं होतं. मी जो हसत सुटलो तो धुऱ्यावर बसलोच. म्हटलं, "वा रे वा! बुद्धविहाराची वर्गनी गोळा करतं अन् इकडं देव बसवून येतं!" तू आधी लाल झालास, मग तुलाही आवरेना. तुझं असं हसणं मी तेवढंच एकदा पाहिलं.

मग तुझं लक्ष तीन दगडांच्या चुलीकडे गेलं. बाया तिथे नैवेद्य रांधत होत्या, तिथेच पंगत बसत होती, लेकरं त्या मातीत लोळत होती. तुझं हसू गेलं. तू चावडीवर जाऊन सगळ्यांना सांगितलंस की त्या दगडाखाली जहर पुरलेलं आहे. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "असीन न साहेब. जागृत हाये थो. म्हून तं त्याले नारळ देऊन राह्यलो."

शेवटी एका भर दुपारी गाव शेतात असताना आपण दोघांनी तो दगड उपटला आणि लोटत नेऊन नाल्याच्या डोहात टाकला. गावात ओरड झाली, शेजारच्या गावानं देव चोरला म्हणून वर्षभर भांडण चाललं. पुढे गवत वाढलं, सारवण पुसलं. खड्डा नेमका कुठे आहे हे ओळखणारे आपण दोघेच उरलो.

आणि मग गायरान वाटायचं ठरलं. तुमच्या वस्तीतली भूमिहीन कुटुंबं किती वर्षं अर्ज करत होती, मोर्चे काढत होती, हे मी तुला सांगायला नको. यादी लागली त्या दिवशी गिरजामावशी कचेरीत येऊन तुझ्या टेबलावर साखर ठेवून गेली. दुपारी आपण नकाशा पसरला. खड्ड्याची जागा शोधत तुझं बोट ज्या तुकड्यावर थांबलं, त्यावर तिचंच नाव होतं.

स्टँडवरच्या हॉटेलात तू म्हणालास, "सांगा लागते, दादाराव."

मी म्हणालो, "सांगतलं तं काय होईन, मालूम हाये का? अख्खं गायरान अडकवून ठेवतीन. ज्याईले तुमाले जमीन द्याचीच नाई, थे तं वाटच पाहून राह्यले."

"अन् नाई सांगतलं तं? मावशी थ्या मातीत कांदे लावीन. इहीर खांदीन."

"तुह्या सहीचं काय करशीन?"

"केली हाये तं केली म्हनीन."

तेव्हा मला राग आला. तुझ्यावर नव्हे, पण निघाला तुझ्यावर. मी म्हणालो, "जा, सांग. इतक्या वर्षांनी तुह्या लोकाईच्या तोंडाशी घास आला, थो तूच हातानं काढून घे."

तू माझ्याकडे पाहिलंस, अर्धा चहा तसाच ठेवलास आणि उठून गेलास. मी कोणाच्या काळजीनं बोलत होतो, ते तुला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

त्यानंतर आठ दिवसांत तुझे डोळे पिवळे झाले. खामगावच्या दवाखान्यात मी दोनदा आलो. डॉक्टर म्हणाले कावीळ, यकृत पार गेलं आहे. त्या पावडरीमुळे का, असं मी विचारलं, तर त्यांनी खांदे उडवले. मी इथेही काही म्हणत नाही, पुराव्याशिवाय बोललेलं तुला खपायचं नाही. पण वर्षानुवर्षं ते डबे कोणी हातांनी वाहिले, ते मी पाहिलं आहे.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून होतास. माझी चाहूल लागली तशी विचारलंस, "मोजनी कधी हाये?"

मी म्हणालो, "तारीख नाई आली अजून."

तारीख आली होती. पत्र माझ्या खिशात होतं. तू म्हणालास, "मंग होतो मी बरा तोलोक." आणि मला घरचं विचारू लागलास. मी मिरच्यांवरच्या बोकड्या रोगाबद्दल काहीतरी बोलत बसलो. आपलं शेवटचं बोलणं ते, मिरच्यांचं.

तू गेल्यावर मला सुटल्यासारखंही वाटलं, उत्तम. खरंच वाटलं. आता ते फक्त माझ्यापाशी होतं आणि मी गप्प बसलो असतो तर कोणाला कधीच कळलं नसतं. ते सुटल्यासारखं वाटणं दोन दिवस टिकलं. मग कचेरीत तुझी खुर्ची, खिडकीतली सदऱ्याची दोरी. दुपारी डबा उघडायचो आणि चिडवायला कोणी नसे. मी इतका एकटा कधी पडलो नव्हतो, कारण माझं खरं रूप माहीत असलेला माणूस एकच होता.

परवा मी तुझ्या घरी शेवंतावहिनींकडे गेलो. त्या दारात बसून तुरीची डाळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. म्हटलं, वहिनी, हे बाहेर काढलं तर कागदावर त्याची सही आहे. वस्तीत लोक त्याला इतकं मानतात. त्याचं नाव जाईल. तुम्ही म्हणत असाल तर नाही बोलत.

त्यांनी सुपातून डोळे वर केले नाहीत. "भाऊ, माह्या नावावर ढकलू नका. तुमाले त्याईच्या नावाचं भेव नाई, तुमच्या नोकरीचं हाये."

मी उठून चपला घालू लागलो.

तशा त्या म्हणाल्या, "सही करून आले, त्या दिवशी जेवले नव्हते. मले तवा काई समजलं नाई. आज समजलं. जा, सांगा. सही हाये तं हाये म्हना."

काल सकाळी मी गेलो. भूमापक आला होता, तलाठी आला होता, साखळी पसरली होती. सगळी वस्ती धुतलेले कपडे घालून उभी होती. गिरजामावशी नव्या लुगड्यात होती. तिच्या तुकड्याशी साखळी आली तेव्हा मी पुढे झालो आणि म्हणालो, थांबा. इथे खाली विषाचे डबे आहेत. मी पुरले आहेत. कागदावर नष्ट केले असं लिहिलं ते खोटं आहे. सही उत्तमची आहे, पण ती मी मागितली म्हणून त्यानं केली. हे सगळं लिहून आणलं होतं, ते तलाठ्याच्या हातात दिलं.

तलाठी म्हणाला, "साहेब, आता बोलून राह्यले?" मागून वस्तीतला एक तरुण ओरडला, "इतके दिवस कुठी होते? आमाले जमीन भेटाची वेळ आली तवाच बरं याईले जहर आठोलं!" तो चुकीचं काही बोलत नव्हता. कोणी तुझं नाव घेऊन काही पुटपुटलं, तर दुसऱ्यानं त्याला दरडावलं. भूमापकानं बराच विचार करून बाकीचे तुकडे मोजले, सगळं गायरान काही अडलं नाही. मी तुला दाखवलेली भीती खोटीच निघाली. मावशीचा तुकडा तेवढा राहिला. वरून तज्ज्ञ येऊन पाहून जाईपर्यंत बंद, असं त्यानं लिहिलं. माझी चौकशी लागेल. लागू दे.

लोक पांगले. मावशी मात्र तिथेच उभी होती. मला वाटलं आता ही शिव्या देईल, आणि मी ऐकून घ्यायला तयार होतो. तिनं शिव्या दिल्या नाहीत. ती खड्ड्याच्या जागेपासून पावलं मोजत गेली, थांबली, आणि तिथून मला विचारलं,

"साहेब, इथलोक सोडलं तं चालीन का? का आनखीन मांगं जाऊ? अन् माह्या बकऱ्या इथंच चरून राह्यल्या न इतके वर्सं. त्याईचं दूध नातू पेते. ते बंद करू का चालू ठेवू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि डावीकडे वळून पाहिलं. कोणी कधी असं विचारलं की मी डावीकडे, तुझ्याकडे, वळायचो. तिथे गवत होतं.

"मले नाई मालूम, मावशी," मी म्हणालो. "उत्तमले मालूम होतं."

तिला राग आला नव्हता, ती खरोखरच विचारत होती.

"तुमी तं रोज त्याच्यासंगं राहत होते. तुमी कधी त्याले इचारून नाई ठेवलं?"

नाही, उत्तम. नाही विचारलं.